येणे बाकी

चोडणच्या धक्क्यावर ती म्हणाली, नोका.
मला वाटलं बोट. नौका, बरोबर, म्हटलं,
तीच तर येतेय रायबंदरहून, अर्धी रिकामी,
दोन स्कूटर, एक सिलिंडर आणि झोपलेला कुत्रा घेऊन.
बोटीखालचं, ती म्हणाली. नदी.
मग कमरेला तळहात लावून: हेही नोका.
आणि कालवणात मीठ घालणं, तेही.
आवाज जरा वर न्यायचा, नाहीतर खाली.
नेमका कुठे,
ते माझ्या कानाला अजून कळलेलं नाही.

फाटकाचा साखळदंड ओढत कायतान म्हणाला,
आमचें तसलेंच. नाकातून काढलं तर न्हंय, नदी.
नाक विसरलं की न्हय. म्हणजे नाहीच.
एकतीस वर्षं मी पणजीत मुद्रितं तपासली,
अनुस्वार उडाला म्हणून मांडवी उडेल
हे कधी मनात आलं नव्हतं.

बोटीला तुमच्यात काय म्हणतात, तिनं विचारलं.
नाव.
आणि माणसाला हाक मारतात ते?
तेही नाव.
मग तुम्ही एकमेकांना होडीत बसवून बोलावता, म्हणाली,
आणि पलीकडच्या खारफुटीकडे बघत राहिली.
तिच्या देशाला समुद्र नाही. चहूबाजूंनी दुसराच देश.

तिचं नाव लिनेओ. लिहायचं ल, उच्चारायचा द.
लेसोथोत इ पुढे आली की ल असा वागतो.
अर्थ? भेटवस्तू, अनेकवचनी.
आमच्याकडे देणी म्हणता येईल, म्हटलं,
आणि जीभ चावली,
कारण देणी वाण्याचीही असतात, बँकेचीही.
माझ्या माडीवर राहून ती औषधांचं शिकत होती.
कडू गोळीचं नाव गोड कसं, यावर एकदा तासभर भांडलो.

एप्रिलात, लाइट गेलेली असताना, भावाचा फोन आला.
तो एकच वाक्य म्हणत होता: ऊ त्सामाइले.
सूर खाली असेल तर, तू निघून गेलीस.
वर असेल तर, तो गेला.
कागदावर अक्षर बदलतं, तिनं नंतर सांगितलं,
पण फोनमध्ये कागद नसतो,
आणि भाऊ रडत होता.
रडणं सगळे सूर एका पातळीवर आणतं.
जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून ती विचारत होती,
कोण? कोण?
चार वर्षांपूर्वीचा राग बोलतोय
की बाप?
मी मेणबत्ती धरून खाली. मराठीही कामाची नव्हती.
आमच्यात गेला म्हणजे बाजारालाही गेला.
चौथ्यांदा विचारल्यावर त्यानं आवंढा गिळला
आणि बापाचं नाव घेतलं.

पहाटेची पहिली फेरी. एक बॅग, एक पुठ्ठ्याचा खोका.
उंबऱ्यावर ती म्हणाली, जाते.
मी जवळजवळ ओरडलोच: जाते म्हणू नये गं, येते म्हणावं.
येते, म्हणाली.
वरच्या सुरात की खालच्या, ऐकलं नाही.
कायताननं भोंगा दिला होता.

भाड्याच्या वहीत दोन रकाने आहेत.
देणे. येणे.
लिनेओ, दोन महिने, हे येणेच्या खाली.
जुन्या सवयीनं लाल पेन घेऊन बसलो.
देणी नावाची मुलगी, येणेच्या रकान्यात.
कितीदा तपासलं. चूक सापडत नाही.
कुणी म्हणालं, खोडून टाका, आता कुठले पैसे.
पैशांचं कोण बोलतंय.

काल आमटीत मीठ घालताना
कुणी नाही बघून मोठ्यानं म्हटलं: नोका.
सूर चुकला असणार.
नदी झाली असेल, किंवा कंबर.
आमटी खारट झाली ती झालीच.